रंगाची साक्ष

वऱ्हाडचा मुलूख 1853 च्या तहाने निजामाच्या अमलातून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आला, 1903 मध्ये त्याची मध्य प्रांताशी सांगड घालण्यात आली, आणि 1905 मध्ये पूर्वीच्या वणी जिल्ह्याला पुसद तालुका जोडून त्यास मुख्य ठाण्याचे, म्हणजे यवतमाळचे, नाव देण्यात आले. या फेरबदलांत साहेब बदलले, जमाबंदीचे दर बदलले, कालपर्यंत गावाच्या वहिवाटीत असलेल्या रानाला राखीव जंगलाचे दगड लागले. परंतु पाटील-पटवाऱ्यांच्या खालच्या पायरीवर उभा असलेला जागल्या मात्र आपल्या जागी तसाच राहिला. रात्री गावभर गस्त घालावी, अनोळखी इसम वेशीत शिरला तर त्याची वर्दी पोलीस पाटलास द्यावी, उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या गुरांवर आणि माणसांवर नजर ठेवावी, असे त्याचे काम. पाटलाची कर्तबगारी वसुलाच्या आकड्यांत दिसे, पटवाऱ्याची त्याच्या दप्तरात. जागल्याचे काम पाहण्याचे, आणि काय पाहिले यापेक्षा कसे पाहिले याची नोंद ठेवणारी वही कोणत्याच सरकाराने काढली नाही. त्यामुळे पाळतीच्या या जुन्या धंद्याचा इतिहास लिहावयाचा तर तो कागदपत्रांइतकाच मनुष्याच्या डोळ्याच्या घडणीवरून लिहावा लागतो. आणि तो तसा लिहू लागले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते की, कंदिलापासून कॅमेऱ्यापर्यंत जी जी साधने पाहणाऱ्याच्या हाती आली, त्या प्रत्येकात रंगाने वस्तू लवकर दाखविली, परंतु तिची ओळख पटविण्याच्या कामी रंग फारसा उपयोगी पडला नाही.

सरकारी जागल्या गावचा होता. शेताची जागल ज्याची त्याला करावी लागे. ज्वारी निसवली की शेतात चार मेढींवर माळा उभा राही, त्यावर घोंगडे, खाली शेकोटी, हाताशी गोफण, आणि घरातील कर्ता पुरुष किंवा सालदार रात्र रात्र त्यावर बसून रानडुकरांना आणि रोह्यांना हाकीत असे. या माणसाला दिसे काय? शरीरशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर त्याला रंग दिसतच नसत. आपल्या नेत्रपटलावर दोन प्रकारच्या पेशी आहेत: सुमारे साठ लाख शंकुपेशी, ज्या उजेडात काम करतात व ज्यांच्यामुळे रंग कळतो, आणि सुमारे बारा कोटी दंडपेशी, ज्या अंधारात काम करतात व ज्यांना रंगाची जाण नाही. उजेड मावळू लागला म्हणजे पहिल्या निवृत्त होतात आणि दुसऱ्या हळूहळू सूत्रे हाती घेतात. हा कारभारपालट पुरा व्हावयास अर्धा तास तरी लागतो. बोहेमियातील शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने 1825 च्या सुमारास हे प्रथम नोंदविले की, संधिप्रकाशात तांबड्या वस्तू सर्वांत आधी काळवंडतात, आणि निळ्या-हिरव्या वस्तू त्या मानाने उजळ भासतात. यवतमाळच्या माणसाला हे पाहण्यासाठी बोहेमियात जावे लागत नाही. फाल्गुनात भर दुपारी पळसाचे जे रान पेटल्यासारखे दिसते, तेच दिवस बुडाल्यावर पाऊण घटकेत काळे ठिक्कर पडते, आणि त्याच्या पायाशी वाळलेले फिके गवत मात्र त्यानंतरही बराच वेळ डोळ्यांना सापडत राहते.

अंधारात पाहण्याची आणखी एक खोड आहे. नेत्रपटलाच्या अगदी मध्यबिंदूवर, ज्या ठिकाणी आपण एखादी वस्तू रोखून पाहतो, त्या ठिकाणी दंडपेशी मुळीच नसतात. त्या त्याच्या भोवताली दाट असतात. म्हणून काळोखात हललेल्या एखाद्या आकृतीकडे टक लावून पाहिले की ती नाहीशी होते, आणि नजर किंचित बाजूला नेली की पुन्हा प्रकट होते. भुताखेतांच्या निम्म्या गोष्टी या एका शारीरिक कारणातून निघाल्या असाव्यात, असे मला वाटते. मुरलेला जागल्या म्हणूनच आकृतीवर टक लावीत बसत नसे. तो हालचाल पाही, काळोखाच्या पार्श्वभूमीवर अधिक काळे काय ते पाही, आणि कानाला डोळ्याच्या बरोबरीचा मान देई.

आजही या जिल्ह्यात शेताच्या धुऱ्यावर जुन्या लुगड्यांची रांग बांधलेली दिसते. लाल, पिवळ्या, जांभळ्या पातळांचे ते कुंपण पाहून प्रवाशाला वाटते की शेतकऱ्याने भडक रंगाने जनावर बुजविण्याची युक्ती काढली आहे. परंतु रोही काय किंवा रानडुक्कर काय, या प्राण्यांच्या डोळ्यांत शंकुपेशींचे दोनच प्रकार असतात. मनुष्याला तांबडा आणि हिरवा वेगळे करून दाखविणारा तिसरा प्रकार त्यांना नाही. लाल लुगडे आणि हिरवी पऱ्हाटी हा भेद त्यांच्या लेखी जवळजवळ नसतोच. त्यांना बुजविते ती वाऱ्यावर फडफडणाऱ्या कापडाची हालचाल, आणि त्याची उजळ-काळोखी कड. बुजगावण्याच्या काळ्या मडक्यावर चुन्याचे पांढरे ठिपके काढणाऱ्या जुन्या माणसांना हे कोणी शिकविले होते, देव जाणे. काळ्यावर पांढरे, यापेक्षा अधिक ठळक खूण कोणत्याच डोळ्यासाठी अस्तित्वात नाही. वाघाचा केशरी रंग आपल्याला इतका डोळ्यांत भरतो, की असले जनावर शिकार साधते तरी कसे असा प्रश्न पडावा. त्याचे उत्तरही हेच. चितळाच्या दृष्टीला तो केशरी रंग गवताच्याच रंगात मिळून जातो. केशरी वाघ ही एका अर्थी आपल्याच डोळ्यांची मिरास आहे.

रंगावर भिस्त ठेवून पहारा करण्याची पहिली सरकारमान्य पद्धत या जिल्ह्यात आगगाडीबरोबर आली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 113 किलोमीटरांची अरुंद वाट किलिक निक्सन या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी कापसाच्या वाहतुकीसाठी बांधली, आणि लोकांनी तिला शकुंतला हे नाव दिले. तिच्या सिग्नलाचा हात दिवसा वर-खाली होई, म्हणजे दिवसा आकार बोले. रात्री मात्र त्या हाताच्या मुळाशी असलेल्या भिंगांमागे रॉकेलचा दिवा पेटवून तांबडा आणि हिरवा या दोन रंगांवर सारा कारभार सोपवावा लागे. यातील हिरव्या दिव्याची गंमत सांगण्याजोगी आहे. रॉकेलची ज्योत पिवळी असते, म्हणून तिच्यापुढे शुद्ध हिरवी काच धरली तर उजेड पिवळट पडतो. यास्तव रेल्वेच्या सिग्नलाची ती काच हिरवी नसून निळसर असे, आणि पिवळी ज्योत व निळसर काच यांच्या मिलाफाने दुरून हिरवा दिवा दिसे. दिवसाउजेडी त्या खांबाजवळ उभ्या राहणाऱ्याला निळी काच, आणि रात्री ड्रायव्हरला हिरवा दिवा: एकच वस्तू, दोन रंग, दोन्ही खरे.

असल्या व्यवस्थेत पाहणाऱ्याचा डोळाच सदोष असला तर काय होईल, ही शंका रेल्वेवाल्यांना उशिरा आली. स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे 1875 च्या नोव्हेंबरात दोन गाड्यांची टक्कर झाली, आणि उप्सालाच्या विद्यापीठातील फ्रिथिओफ होल्मग्रेन याने त्या अपघाताची मीमांसा करताना रंगांधळेपणावर बोट ठेवले. त्याने काढलेली परीक्षा अगदी बायकांच्या विणकामाच्या टोपलीतील होती: उमेदवाराच्या हाती फिक्या हिरव्या लोकरीची एक लडी द्यावयाची, आणि ढिगातून तिच्या मेळाच्या लड्या वेचून काढ म्हणावयाचे. जो तपकिरी आणि करड्या लड्या हिरव्यात घाले, त्याला इंजिनावर चढू देत नसत. युरोपात शंभर पुरुषांमागे सुमारे आठ पुरुष कमीअधिक प्रमाणात या दोषाचे निघतात, आणि त्यांतील पुष्कळांना परीक्षा होईपर्यंत त्याचा पत्ताही नसतो. रेल्वेने हा धडा घेतला. पडद्यावर डोळे लावून बसणाऱ्या आजच्या पहारेकऱ्यालाही ही परीक्षा द्यावी लागावी, असे सुचविले तर ते अगोचरपणाचे ठरू नये.

आता जंगलाकडे वळू. जिल्ह्याच्या दक्षिणेस, पांढरकवड्याच्या बाजूला, टिपाई देवीच्या नावावरून ओळखले जाणारे टिपेश्वरचे रान आहे. 1997 मध्ये त्याचे अभयारण्य झाले, क्षेत्रफळ 148 चौरस किलोमीटरांच्या थोडे वर. पूर्वीच्या काळी येथील वाघ पाहिला जाई तो मचाणावरून आणि बहुधा बंदुकीच्या माशीतून. पुढे वाघ मोजण्याचे दिवस आले. वनरक्षकाने सकाळी पाणवठ्याच्या वाटेवर फिरावे, धुळीत पंजा उमटलेला दिसला की त्यावर पायांवर उभी असलेली काच ठेवावी, काचेवर शाईने त्याची बाह्यरेषा गिरवावी, आणि ती कागदावर उतरवून नोंद करावी, अशी ती पद्धत होती. 1972 च्या देशव्यापी गणनेत 1827 वाघ निघाले ते याच रीतीने, आणि पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पद्धत कष्टाची आणि श्रद्धेची होती. परंतु एकाच वाघाचा पंजा ओल्या मातीत एक आणि कोरड्या धुळीत दुसरा उमटतो, हे विसरून कागदावर वाघ वाढत गेले, आणि 2005 मध्ये राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले तेव्हा या पद्धतीचा निकाल लागला.

तिच्या जागी जी आली तिचे बीज मात्र फार जुने आहे. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन याने 1920 नंतरच्या दशकात बंदूक बाजूस ठेवून जंगलवाटेवर तार ताणली. वाघाचा पाय तारेस लागला की लखलखाट होऊन छायाचित्र निघे. त्या काळी छायाचित्रांत रंग नव्हता, आणि कदाचित म्हणूनच चँपियनच्या ध्यानात आले की, प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची नक्षी स्वतंत्र असते. याच सूत्रावर 1990 नंतर उल्हास कारंत यांनी नागरहोळेच्या अरण्यात कॅमेऱ्यांच्या साह्याने शास्त्रशुद्ध गणना बसविली, आणि 2006 पासूनच्या राष्ट्रीय गणनेत तीच पद्धत स्वीकारली गेली. 2018 च्या गणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले, त्यांतून साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रे निघाली, आणि त्यांत वाघांची होती 76,651. उरलेल्यांत चितळे, रोही, गुरे, माकडे आणि सरपण वेचणाऱ्या बायाही होत्या.

वाटेच्या दोन्ही अंगांस गुडघाभर उंचीवर, समोरासमोर, असे दोन कॅमेरे झाडांना बांधतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. जनावराच्या अंगची ऊब समोरून सरकली की यंत्र जागे होते. दिवसा निघालेले चित्र रंगीत असते. रात्री दोन प्रकार संभवतात: पांढरा झोत टाकणारा कॅमेरा असला तर चित्र रंगीत व रेखीव येते, परंतु लखलखाटाने जनावर बिचकते, अवरक्त झोताचा असला तर जनावरास काही कळत नाही, आणि चित्र करडे येते. या करड्या चित्रातील जग ओळखीचे वाटत नाही. झाडाची हिरवी पाने अवरक्त किरण भरभरून परतवितात, हे आर. डब्ल्यू. वुड याने 1910 मध्ये छायाचित्रे घेऊन दाखविले. त्यामुळे रायमुनियाची दाट हिरवी जाळी त्या चित्रात पांढरीफटक दिसते. वाघाचा केशरी रंगही पांढुरका होतो. पट्टे मात्र काळेच राहतात. वनखात्याच्या तक्त्यात वाघाची ओळख पटते ती या काळ्या पट्ट्यांवरून. केशरी रंगाला त्या तक्त्यात रकानाच नाही.

हीच यंत्रविद्या शहरात आली तेव्हा तिने रंगाचा घोळ अधिक वाढविला. यवतमाळच्या चौकात, वणीच्या कोळसा वाहतुकीच्या रस्त्यावर किंवा बाजार समितीच्या फाटकावर जो कॅमेरा लटकतो, त्याच्या आत भिंगामागे एक पातळ काच असते, आणि तिचे काम अवरक्त किरण अडविण्याचे. अंधार पडला की आतून बारीकसा टक् असा आवाज होतो, ती काच बाजूला सरकते, अवरक्त दिवे लागतात, आणि पडद्यावरचे चित्र क्षणात रंगीताचे करडे होते. ते करडे का होते? कॅमेऱ्याच्या प्रकाशग्राही पटलावर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांची चौकडी मांडलेली असते, हिरव्या दोन आणि इतर दोन एकेक, ही कोडॅकच्या ब्राइस बायर याची 1976 ची योजना. अवरक्त किरण या तिन्ही गाळण्यांतून बेमालूम आत शिरतात, रंगांचा हिशोब चुकतो, आणि चुकीचा रंग दाखविण्यापेक्षा न दाखविलेला बरा, असा शहाणपणाचा निर्णय यंत्र घेते. खरा धोका यापुढचा आहे. कापडावरील पुष्कळ कृत्रिम काळे रंग अवरक्ताला आडकाठी करीत नाहीत. म्हणून काळा सदरा घातलेला इसम रात्रीच्या चित्रणात पांढऱ्या सदऱ्यात वावरताना दिसतो, आणि त्याच्या शेजारी वेगळ्या रंगद्रव्याच्या काळ्या पाटलोणीचा माणूस काळाच राहतो.

दिवसाच्या रंगीत चित्रणावरही निर्धास्त राहता येत नाही. मनुष्याचा डोळा उजळ-काळोखाच्या बारीक रेषा टिपतो, परंतु रंगाच्या बाबतीत तो ढोबळ असतो. हे ओळखून 1953 मध्ये अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीचा दंडक ठरला तेव्हापासून रंगाला प्रक्षेपणात थोडीच जागा देण्याची प्रथा पडली. आपल्याकडे 1982 मध्ये रंगीत दूरदर्शन आले, तेही याच तत्त्वावर. आणि आजच्या कॅमेऱ्यांच्या चित्रणात बहुधा चार ठिपक्यांमागे रंगाची नोंद एकच ठेवली जाते. घरी सिनेमा पाहणाऱ्याला याची उणीव कधीच भासत नाही. परंतु दूर अंतरावरचा, पाचदहा ठिपक्यांत मावणारा माणूस ओळखावयाचा असेल, तर त्याच्या रुमालाचा रंग शेजारच्या भिंतीत ओघळलेला असतो, आणि त्या रंगावर बोट ठेवून शपथ घेणारा साक्षीदार अर्धवट यंत्राची आणि अर्धवट स्वतःच्या समजुतीची शपथ घेत असतो.

मग रंगाचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, आणि तो शोधण्याचा आहे. हिरव्या पऱ्हाटीत वेचणीला वाकलेल्या पंचवीस बायांत एकीचेच लुगडे लाल असले तर धुऱ्यावरून नजर पहिल्याने तिच्यावरच जाते. बाया पंचवीस असोत की पन्नास, तिला हेरण्यास अधिक वेळ लागत नाही. गर्दीतून हरवलेले पोर हुडकावयाचे असेल तर त्याच्या अंगरख्याचा रंग सांगण्यासारखी दुसरी खूण नाही. परंतु जो रंग नजर बोलावून आणतो तोच तिला खिळवूनही ठेवतो. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासंबंधी फार बोलका आहे. पडद्यावर पांढऱ्या आणि काळ्या सदऱ्यांचे दोन चमू चेंडू खेळत होते, प्रेक्षकांनी एका चमूच्या फेका मोजावयाच्या होत्या, आणि मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेली व्यक्ती छाती बडवून निघून गेली. जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. आणि त्यातही काळ्या चमूवर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा पांढऱ्या चमूवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या दृष्टीतून ती अधिक निसटली, कारण त्यांनी काळा रंग आधीच मनातून बाद केला होता. लाल सदऱ्याचा माणूस शोध, असा हुकूम ज्याला दिला त्याच्यासमोरून करड्या सदऱ्याचा चोर पेटी घेऊन गेला, तर त्या शिपायाला बोल लावताना हा प्रयोग आठवावा. त्यातून, नॉर्मन मॅकवर्थ याने युद्धकाळात रडारवरील पहारेकऱ्यांसाठी केलेल्या व 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांनी हेही दाखविले आहे की, काहीच न घडणाऱ्या पडद्याकडे पाहणाऱ्याची सावधता पहिल्या अर्ध्या तासातच ढासळते. माळ्यावरच्या माणसाला निदान थंडी जागे ठेवी.

रंगाच्या मोहाचे शेवटचे उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. पांढरकवडा आणि राळेगाव तालुक्यांत 2016 पासून तेरा माणसांच्या मृत्यूचा आरोप जिच्यावर होता, ती टी-वन म्हणजे लोकांची अवनी वाघीण शोधण्यासाठी 2018 मध्ये शंभराच्या घरात कॅमेरे लावण्यात आले, आणि उष्णताचित्रण करणारी ड्रोन यंत्रेही आणण्यात आली. उष्णताचित्रात रंग दिसतात, पण ते रंग वस्तूचे नसतात. ज्या त्या तापमानाला यंत्राने एकेक रंग नेमून दिलेला असतो. इंद्रधनुषी पट्टा निवडला तर जेथे तापमान हळूहळू बदलते तेथेही पिवळा संपून तांबडा सुरू होण्याची खोटी सीमारेषा उमटते, आणि थकलेला डोळा त्या रेषेला जनावराची कड समजतो. म्हणूनच जाणकार पुष्कळदा साधा काळा-पांढरा पट्टा पसंत करतात. शिवाय ऑक्टोबरच्या उन्हात तापलेला खडक आणि वाघाचे अंग यांत यंत्रालाही फारसा फरक उरत नाही. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या परिसरात ती वाघीण गोळीने मारली गेली, आणि त्या गोळीवरून जो वाद पेटला तो येथे उकरण्याचे कारण नाही. महिनोन्‌महिने तिचा माग ठेवता आला तो कॅमेऱ्यात सापडलेल्या पट्ट्यांमुळे आणि वाटेवर पंजे पाहत फिरणाऱ्या वनमजुरांमुळे, एवढे नोंदवून पुढे जातो.

सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 च्या निकालाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात रात्रीही पाहू शकणारे कॅमेरे बसविण्याचा हुकूम दिला, आणि त्यामुळे करडे चित्रण पुराव्याच्या कामी वाढत जाणार हे उघड आहे. पंचनामा लिहिणाऱ्या जमादारांना आणि त्यावर सही करणाऱ्या पंचांना माझी विनंती एवढीच की, ‘इसमाच्या अंगात पांढरा सदरा’ हे शब्द लिहिण्यापूर्वी चित्रण दिवसाचे की अवरक्त उजेडातील, हे एका ओळीत नमूद करावे. आणि रात्रीचे असल्यास उंची, बांधा, चाल आणि कापडावरील चौकडी-पट्टे लिहावेत, रंगाचा रकाना कोरा सोडावा.